दिव्याखाली ठेवलेलं पत्र

शुक्रवारी सकाळी नऊच्या सुमाराला कतारमधल्या अल अझीझियातल्या विजय सरांच्या व्हिलाबाहेर चपलाबुटांचा ढीग पडला होता. निमंत्रणात ‘हेल्थ वर्कशॉप’ असं लिहिलं होतं, पण आत हॉलमध्ये पांढऱ्या चादरी अंथरल्या होत्या आणि समोर गादीवर अग्निनाथ महाराज बसले होते. भुईच्या पोटातला अग्नी त्यांना ऐकू येतो, अशी त्यांची ख्याती होती. ऐकायला जमलेले निम्मे लोक गॅसच्या धंद्यातलेच होते. कोणी विहिरींचा इंजिनिअर, कोणी प्लान्टवर शिफ्ट इनचार्ज. मी स्वतः लॅबमध्ये गॅस तपासतो. विजय सर माझे बॉस, म्हणून गेलो होतो.

महाराजांचा शिष्य अमेय सूटबूट घालून लोकांचे जमिनीचे कागद ताटात मांडत होता. ते त्याने दोन दिवस आधीच मागवून घेतले होते. “अग्नीशी ओळख व्हावी लागते,” असं कारण सांगितलं होतं. कागदांवर एक खोलगट तांब्याचं पातेलं, पातेल्यात तेलाचा दिवा. ज्योत हलू नये म्हणून एसी बंद. खोलीत धुपाचा इतका धूर, की पहिल्या रांगेतल्या बायका पदराने डोळे पुसत होत्या.

नाशिकजवळच्या माळरानावर प्लॉट घेतलेल्या एका गृहस्थांचा नंबर आधी लागला. महाराजांनी कमंडलू दिव्यावर तिरपा केला. ज्योत तशीच राहिली. “जागा जिवंत आहे. शेजारचीही घे,” महाराज म्हणाले. शेजारची जागा अमेयकडेच विकायला होती.

मग विभावरी वहिनी पुढे आल्या. त्यांचा नवरा गंधार माझा जवळचा मित्र. कतारला येण्याआधी तो पेनसिल्व्हेनियात नोकरीला होता. तिथे त्याने एक शेतघर घेतलं होतं, पुढे ते विकलं, पण जमिनीखालच्या गॅसचा हक्क स्वतःकडे ठेवला. तिकडे तसं करता येतं. गॅस काढणारी कंपनी दर महिन्याला त्याच्या वाट्याचा चेक पाठवायची. दोन वर्षांपूर्वी दुखानच्या तेलक्षेत्रात कामावर असताना गंधार हार्ट अटॅकने गेला. वहिनी इथल्या शाळेत शिकवतात. मुलगी ईश्वरी बारावीत. तिच्या पुढच्या शिक्षणाची सगळी भिस्त त्या गॅसवर होती.

“महाराज, पूर्वी चेक अकराशे डॉलरचा यायचा,” वहिनी म्हणाल्या. “आता चारशेवर आलाय. ठेवू की विकू?”

महाराजांनी डोळे मिटले. अमेयने आतून कमंडलू आणून दिला. महाराजांनी तो सावकाश तिरपा केला. थेंबही पडला नाही. ज्योत आधी बारीक झाली, मग विझली.

हॉलमधून एकच हुंकार उठला.

“अग्नी शांत होतोय, ताई. धन्याबरोबर निघाला तो. वर्षभरात राख उरेल. कोणी घेत असेल तर देऊन मोकळी हो.”

वहिनींनी मान खाली घातली. ईश्वरीने विचारलं, “बट हाऊ डज ही नो?” शेजारच्या बाईंनी तिच्या मांडीवर हात ठेवून तिला गप्प केलं.

मी पाणी प्यायला स्वयंपाकघरात गेलो. सिंकपाशी व्हिनेगरची रिकामी बाटली होती, खायच्या सोड्याचं फाडलेलं पाकीट होतं आणि अमेयने परत आत आणून ठेवलेलं, पहिल्या कमंडलूचं जुळं भावंड होतं. मी केमिस्ट आहे. मला आणखी काही सांगायची गरज नव्हती. मी बाहेर आलो. विजय सर महाराजांच्या पायावर डोकं ठेवून होते. माझ्या अप्रेझलला पंधरा दिवस राहिले होते. मी प्रसादाचा शिरा खाल्ला आणि घरी गेलो.

तीन आठवड्यांनी वहिनींचा फोन आला. हक्क विकला होता. चाळीस हजार डॉलर, एकरकमी. गिऱ्हाईक अमेयनेच आणलं होतं, नोटरीसमोर सह्याही झाल्या होत्या. आता टॅक्सचं बघायचं होतं, म्हणून मी कागद वाचून द्यावेत, एवढंच त्यांचं म्हणणं होतं.

मी वहिनींच्या घरी जाऊन जेवणाच्या टेबलावर फाईल उघडली. चेकसोबत येणाऱ्या पावत्यांवर सगळं छापलेलं होतं: कुठल्या विहिरीतून किती गॅस निघाला, काय भावाने विकला, गंधारचा वाटा किती. नवी विहीर सुरुवातीला जोरात देते, मग तिचं उत्पादन उतरत जातं. त्या हॉलमधल्या निम्म्या लोकांना हे नोकरीच्या पहिल्या वर्षी शिकवलं होतं. त्यात त्या वर्षी गॅसचा भावही पडला होता. चेक लहान झाला तो एवढ्यामुळे.

खाली एक घडी घातलेलं पत्र होतं. त्यावर तेलाचा गोल डाग होता. त्या शुक्रवारी ते दिव्याखालीच होतं. कंपनीने कळवलं होतं, की त्याच जमिनीखाली आणखी चार विहिरी खोदायची परवानगी मिळाली आहे आणि काम उन्हाळ्यात सुरू होईल.

“हे वाचलं होतंत?”

“कायद्याचं इंग्रजी होतं. अमेयने वाचलं. म्हणाला, रूटीन आहे.”

तिकडच्या एका स्वतंत्र इंजिनिअरला मी सगळे कागद पाठवले. त्याचं उत्तर आलं: नव्या विहिरी धरल्या तर हक्काची किंमत दोन लाख डॉलरच्या खाली नाही. घेणारी कंपनी अमेयच्या मेहुण्याच्या नावावर निघाली. तिकडचा वकील म्हणाला, खटला भरता येईल, पण वर्षं जातील आणि बाईंनी स्वखुशीने सही केली आहे.

तेव्हा कुठे मला कंठ फुटला. मी विजय सरांच्या त्याच हॉलमध्ये वहिनींसह पंधरा-वीस जणांना बोलावलं. तांब्यात व्हिनेगर घेतलं, सोडा टाकला, फेस बसू दिला. “यातून कार्बन डायऑक्साइड सुटतो. तो हवेपेक्षा जड, म्हणून तांब्यात साचतो. ओतला की पाण्यासारखा खाली जातो, दिसत नाही एवढंच.” मी तांब्या तिरपा केला. दिवा विझला. “दिवा विझवायचा नसेल तेव्हा रिकामा कमंडलू. धूप कशासाठी होता, तर व्हिनेगरचा वास मारायला.”

विजय सर म्हणाले, “दिव्याचं जाऊ दे. पण चेक कमी होत होता, हे तर महाराज खरंच बोलले ना?”

“सर, चेक कमी होतो हे वहिनींनीच त्यांना सांगितलं होतं.”

“तुझा मुद्दा कळला,” ते म्हणाले आणि चहा सांगायला आत गेले. महाराज तोवर मस्कतला पोचले होते. तिथलंही ‘वर्कशॉप’ भरगच्च झालं, असं ग्रुपवर आलं. त्याखाली आमच्याच दोघांनी हात जोडले होते.

वहिनींना घरी सोडायला मी गाडी काढली. सिग्नलला थांबलो तेव्हा त्यांनी विचारलं, “तुम्हाला हे कधी कळलं?”

खोटं बोलता आलं असतं. “त्याच शुक्रवारी,” मी म्हणालो.

घरापाशी उतरताना त्या म्हणाल्या, “महाराज माझे कोणी नव्हते, भाऊजी.” त्यानंतर त्यांनी माझा फोन उचललेला नाही.

म्हणून हे लिहितो आहे. जमिनीखाली काय आहे, हे दिवा सांगत नाही. ते पावत्यांवर, नकाशांवर आणि कंपनीच्या पत्रांत लिहिलेलं असतं. विकण्याआधी ते वाचा. कळत नसेल तर ज्याला विक्रीतून काही मिळणार नाही, अशा जाणकाराकडून वाचून घ्या. एकाच गिऱ्हाइकावर थांबू नका, आणि घाई करणाऱ्याला घाई कशाची, ते विचारा. आणि ज्यांना युक्ती कळली आहे, त्यांनी तिथेच, सगळ्यांसमोर बोलावं. दिवा विझताना त्या हॉलमध्ये एक केमिस्ट बसला होता. त्याचा वहिनींना काडीचा उपयोग झाला नाही.