बहिऱ्या कानाशी

"जरा मोठ्यानं बोल, बाबा," थोरले फादर म्हणाले. "तुझं पाप मला ऐकूच आलं नाही."

धाकटे फादर त्यांच्या खुर्चीसमोर गुडघे टेकून घामाघूम झाले होते. धाकटे म्हणजे नावालाच. साठी उलटली होती, डोक्यावर केस औषधालाही उरले नव्हते. पण नव्वदीतले निवृत्त थोरले शेजारच्या खोलीत होते, तोवर यांना बढती नव्हती. थोरल्यांसाठी श्रवणयंत्र आणलं होतं, ते कपाटात पडून होतं. त्यातून नुसती खरखर येते, त्यापेक्षा बहिरेपण बरं, असं त्यांचं म्हणणं.

दुसऱ्या कुणाकडे जाणार? जन्मभर लोकांना क्षमा वाढली तरी ती स्वतःच्या पानात वाढून घेता येत नाही, पाद्र्यालाही पाद्रीच लागतो. जवळपासचा दुसरा पाद्री म्हणजे यांचा पत्त्यांतला भिडू. तो 'चालायचंच' म्हणून पाठीवर थाप मारून मोकळा झाला असता, आणि धाकट्यांना तेच नको होतं. मग मावशी बाजारात गेल्याची खात्री करून ते थोरल्यांकडे आले. मावशी दोघांचा स्वयंपाक करायच्या, चर्चही झाडायच्या.

शेवटी धाकट्यांनी आवाज चढवला.

"मावशींची आई शेवटच्या घटका मोजत होती. शेवटच्या प्रार्थनेसाठी मावशींनी मला फोन केला. मी म्हणालो, स्कूटर बंद पडलीय. स्कूटर दारात उभी होती, फादर. मी पत्ते खेळत होतो, डाव रंगात आला होता. म्हातारी माझी वाट बघत गेली."

थोरल्यांना या वेळी सगळं ऐकू आलं. त्यांनी हात धाकट्यांच्या डोक्यावर ठेवला आणि क्षमेचे शब्द सावकाश म्हटले. धाकट्यांना हुंदका आवरेना. मावशींची आई गेल्यापासून ते बाहेर निघाले की मावशी विचारायच्या, फादर, गाडी नीट आहे ना? बिचाऱ्या काळजीनंच विचारायच्या, आणि ते दर वेळी आतून सोलून निघायचे. आता ते ओझं उतरलं होतं.

डोळे पुसून त्यांनी दार उघडलं. समोर स्वयंपाकघरात मावशी ओट्याशी पाठमोऱ्या उभ्या होत्या.

"पिशवी विसरले होते," त्या वळून न बघताच म्हणाल्या आणि पिशवी उचलून निघून गेल्या.

ऐकलंत का, असं विचारायची सोय नव्हती. पापनिवेदनातलं काही चुकून कानावर पडलं तरी तोंडातून काढायचं नाही, हे झाडलोट करणाऱ्या मावशींना धाकट्यांनीच बजावून ठेवलं होतं. आता त्याच कुलपात ते आतून आणि मावशी बाहेरून अडकल्या होत्या. बदली मागावी, तर थोरल्यांना बघणार कोण? ताट वेळच्या वेळी येत राहिलं. भाजीत मीठही कमीजास्त झालं नाही. फक्त गाडीची चौकशी बंद झाली, आणि फादर काय ते समजले.

शनिवारी ते चर्चमध्ये जाळीआड पापनिवेदन ऐकायला बसले होते. लोक येऊन गेले, चर्च रिकामं झालं. मग जाळीपलीकडे ओळखीचा खोकला आला.

"एका माणसाबद्दल मनात अढी बसलीय, फादर," मावशी म्हणाल्या. "काही केल्या जात नाही."

तो माणूस मीच, माझं चुकलं, हे शब्द त्यांच्या ओठांवर आले. पण ही त्यांची नाही, मावशींची पाळी होती. इथे स्वतःसाठी क्षमा मागणं म्हणजे त्यांच्या पानातलं ओढून घेणं. त्यांनी नेहमीचाच प्रश्न विचारला, "त्याला क्षमा करायची इच्छा आहे?"

"आहे ना. रोज त्याचं ताट वाढताना करते. खरकटं काढताना परत राग येतो."

आता फादरांनी प्रायश्चित्त सांगायचं होतं.

"वेगळं प्रायश्चित्त नको," ते कसेबसे म्हणाले. "ताट वाढताय, तेवढं पुष्कळ झालं."

मग त्यांनी हात उचलून क्षमेचे शब्द म्हणायला सुरुवात केली. ते जन्मभर तोंडात बसलेले शब्द या वेळी ओठांतल्या ओठांतच राहिले.

"मोठ्यानं बोला, फादर," जाळीपलीकडून मावशी म्हणाल्या. "मला ऐकू यायला हवं."

रिकाम्या चर्चमध्ये फादरांनी ते सगळे शब्द पहिल्यापासून मोठ्यानं म्हटले.

संध्याकाळी जेवणघरात ताट रोजच्यासारखं वाढून ठेवलं होतं. मावशी घरी गेल्या होत्या. एरवी खिळ्याला लटकणारी स्कूटरची किल्ली त्यांनी पाण्याच्या पेल्याशेजारी, फादरांच्या उजव्या हाताला येईल अशी ठेवली होती.