सरावाची वही

शिट्टी वाजली तेव्हा तिच्या तोंडात टूथपेस्टचा फेस होता आणि एकाच पायात मोजा. दुसरा मोजा हातात घेऊन ती तशीच जिन्याकडे धावली. शिट्टी वाजल्यापासून दोन मिनिटांच्या आत घरातल्या प्रत्येकाने खाली फाटकापाशी हजर व्हायचे, हा या घरचा कायदा तिच्या जन्माच्या आधीपासून चालत आला होता, आणि आता ती अडतीस वर्षांची झाली होती.

फाटकापाशी बाबा घड्याळ धरून उभे होते. अग्निशमन दलातून निवृत्त होऊन त्यांना चौदा वर्षे झाली, तरी इमारतीतले लोक त्यांना अजून बंबसाहेबच म्हणत. महिन्यातून एकदा, आधी न सांगता, ते घरच्यांचा सराव घेत. तीन मजले उतरताना त्यांना दम लागे, म्हणून ते अर्धा तास आधीच निघत आणि प्रत्येक वळणावर टेकत. हे कुणाला ठाऊक नाही, अशी त्यांची समजूत होती.

"दोन मिनिटं सतरा," ते म्हणाले. "एवढ्यात खोली धुरानं भरते."

"मला सात वाजता केंद्रावर पोचायचंय, बाबा. तीस वर्षांत या घरात साधी चादर जळाली नाही."

"म्हणून तर सराव."

आई सर्वांत शेवटी आली, कठड्याला धरून, गुडघ्यांना शिव्या देत. "माझ्यासाठी आग थांबेल जरा," ती म्हणाली. बाबांनी तिकडे लक्ष न देता लाल पुठ्ठ्याच्या वहीत तारीख, वेळ, हजर किती आणि शेरा असे चार रकाने भरले. शेरा नेहमीचाच होता: असमाधानकारक.

ती लसीकरण केंद्रावर नर्स होती. दिवसभर अनोळखी माणसांच्या बाह्या वर करायच्या, त्यांच्या शंका ऐकायच्या, सुईला घाबरणाऱ्या पैलवानांना धीर द्यायचा, बूस्टर का घ्यायचा हे पुन्हा पुन्हा समजावायचे. लोक ऐकत. एक आजोबा तर घरी जाऊन भावाला, मेहुण्याला आणि व्याह्यांना घेऊन परत आले होते. आणि स्वतःच्या बापापुढे मात्र तिने हात टेकले होते.

कोरोनाची नवी लाट आली होती. शेजारच्या इमारतीतले दोघे रुग्णालयात होते. तीस वर्षे धूर गिळून बाबांची फुप्फुसे अर्धी कामातून गेली होती, आणि छातीच्या डॉक्टरांनी 'बूस्टर ताबडतोब' असे लिहून दिलेला कागद तिने त्यांच्या घड्याळाखाली दाबून ठेवला होता. बाबा रोज घड्याळ उचलत आणि पुन्हा त्याच कागदावर ठेवत.

"दोन घेतल्या," संध्याकाळच्या चहाला ते म्हणाले. "तरी मागच्या वर्षी झालाच. मग तिसरी कशाला?"

तिने कप खाली ठेवला. हे सांगायची ही कितवी खेप, ते तिने मोजणे सोडले होते.

"अँटिबॉडी म्हणजे दारावरचा पहारा, बाबा. काही महिन्यांनी तो विरळ होतो, विषाणूही रूप बदलतो, मग शिरतो तो आत. पण आत टी पेशी असतात. लसीमुळे त्यांच्या लक्षात राहिलेला असतो तो. रूप बदललं तरी बराचसा ओळखू येतो. ज्या पेशींत तो घुसलाय त्यांना शोधून मारतात. म्हणून ताप येतो, पण तो सगळ्या फुप्फुसात पसरायच्या आत आवरता येतो. मागच्या वेळी चार दिवसांत उठलात ना? बूस्टरनं पहारा वाढतो आणि या आतल्यांचीही उजळणी होते."

"किती आहेत माझ्यात?"

"काय किती?"

"त्या पेशी. आकडा सांग. माझ्या ठाण्यावर अठरा माणसं होती. रोज सकाळी मोजून घ्यायचो."

"साध्या तपासणीत नाही मोजत त्या. मोठ्या प्रयोगशाळेतच मोजतात."

"म्हणजे दिसत नाहीत, मोजता येत नाहीत आणि दारात अडवत नाहीत." बाबांनी बशीतला चहा संपवला. "असली माणसं मी एक दिवस ठेवली नसती."

तिचे डोके फिरले. दिवसभर लोकांशी गोड बोलून जेवढा संयम उरला होता, तेवढा त्या बशीबरोबर संपला.

"तुम्ही तरी कुठल्या आगीला लागायच्या आधी पोचलात?"

बाबांनी बशी कपाखाली नीट ठेवली, कपाचा कान उजवीकडे केला, मग डावीकडे, आणि उठून आत गेले.

"हे बोलायला नको होतंस," आई म्हणाली.

ते तिलाही कळले होते. सुताच्या गोदामाची आग तिला तोंडपाठ होती. गोदाम जळून खाक झाले आणि मालकाने भर रस्त्यात बाबांची कॉलर धरली होती: उशिरा आलात, राख भिजवायला आलात. गोदामाला लागून चाळीस घरे होती. त्यांतल्या एकाचीही खिडकी काळी झाली नव्हती. त्या चाळीस घरांतले कुणी काही बोलायला आले नाही. त्यांच्याकडे काही झालेच नव्हते, तर येणार कशाला. बाबा हे कधी सांगत नसत. आई सांगे.

माफी मागावी असे तिला वाटले, पण नेमका त्याच दिवशी तिलाही हट्ट चढला होता. तिने घड्याळाखालचा कागद काढून फाडला आणि त्या दिवसापासून घरात बूस्टरचे नाव काढले नाही. बाबाही तिच्याशी कामापुरते बोलत. दुसऱ्या दिवशी ते सकाळीच बाहेर पडले ते दुपारी उशिरा परतले, घामाघूम होऊन. कुठे गेला होता, असे आईने विचारले तर म्हणाले, "पाय मोकळे करायला." अर्धा दिवस पाय मोकळे करणाऱ्या माणसापुढे काय बोलायचे, म्हणून आईने पुढे विचारले नाही.

सहा आठवड्यांनी बाबांना ताप आला. तपासणीच्या पट्टीवर दुसरी रेघ उमटलेली पाहिली आणि तिला रडू येण्याऐवजी संतापच आला. सांगून सांगून जीभ झिजली होती. आता विचारून काय उपयोग, म्हणून तिने काही विचारलेही नाही. त्यांना आतल्या खोलीत ठेवले, डॉक्टरांशी बोलून गोळ्या सुरू केल्या आणि रुग्णालयात न्यायची पिशवी भरून दाराशी ठेवली. तिच्यात टॉवेल, चष्मा, जुने रिपोर्ट. चार तासांनी एकदा ती बंद दाराबाहेर उभी राही.

"ऑक्सिजन?"

"चौऱ्याण्णव."

"बोट नीट घातलंय ना?"

"मी तीस वर्षं बंबाचा होज धरलाय. बोट घालता येतं मला."

चौऱ्याण्णव हा त्यांचा बरे असतानाचाच आकडा होता. पण पाचव्या-सहाव्या दिवशी माणूस कसा अचानक घसरतो, हे तिने आधी रुग्णालयात नोकरीला असताना पाहिले होते. चौथा दिवस गेला. पाचव्या दिवशी ते खूप खोकले आणि तिने पिशवीची चेन उघडून पुन्हा लावली. सहावा दिवस गेला. आईने देवाचे नाव घेणे आणि बाबांना बोल लावणे एकदमच चालू ठेवले होते.

सातव्या दिवशी सकाळी शिट्टी वाजली.

ती ओट्यापाशी होती. क्षणभर तिला कळेना की काय ऐकले. शिट्टी थांबली नव्हती. मग कायदा आठवला आणि ती धावली, तिच्यामागे कठडा धरून आई. तिसऱ्या मजल्यावरून तळाशी पोचेपर्यंत तिची चप्पल एकीकडे राहिली. फाटकापाशी उभे राहून तिने वर पाहिले. खिडकीत बाबा उभे होते, दाढी वाढलेले, एका हातात घड्याळ.

"दोन मिनिटं पाच," ते वरून ओरडले. "आई अजून यायचीय."

"नीट ऐकू नाही आली," ती खालून म्हणाली. "पुन्हा वाजवा."

"काय?"

"शिट्टी. पुन्हा वाजवा."

बाबांनी पुन्हा फुंकली. ती श्वास रोखून ऐकत राहिली, जशी पूर्वी रुग्णालयात लोकांच्या छातीवर नळी टेकवून ऐकायची तशी. शिट्टी लांबली, आणखी लांबली, कुठेही तुटली नाही. पहिल्या मजल्यावरच्या मास्तरांनी खिडकी उघडून, आजारी माणसाने तरी झोपू द्यावे, असे काहीतरी म्हटले.

"वहीत नोंद कर," बाबा म्हणाले. "कपाटावर आहे."

वही तिने आयुष्यात कधी उघडली नव्हती. वर येऊन तिने ती घेतली, शेवटचे लिहिलेले पान काढले, तेव्हा पानांतून एक कार्ड घरंगळले. गावाच्या दुसऱ्या टोकाच्या लसीकरण केंद्राचा शिक्का, तिसरा डोस, भांडणाच्या दुसऱ्या दिवशीची तारीख. त्याच तारखेची नोंद वहीतही होती, बाबांच्या सरळ अक्षरात. वेळ: रांगेत दोन तास दहा मिनिटे. हजर किती: मोजता येत नाहीत.

शेऱ्याचा रकाना कोरा होता.

एका माणसावरून काही सिद्ध होत नाही, हे ती केंद्रावर रोज लोकांना सांगत असे. आतून बाबा खोकले आणि पाणी मागू लागले. "आले," ती म्हणाली, आणि पेनाचे टोपण काढून त्या कोऱ्या रकान्यात लिहिले: वेळेवर पोचले. मग शेवटच्या नोंदीखाली आजची तारीख घातली.