एका मिनिटाचं कार्ड

रेव्हरंड ब्रॉडनॅक्स यांनी विधिमंडळाच्या समितीपुढचा माइक आपल्या उंचीला आणला, घसा खाकरला, आणि तिसऱ्या रांगेत बसलेल्या व्हर्नेलची बोटं मांडीवरच्या पर्सवर आपोआप पसरली. बावीस वर्षं ती त्यांच्या प्रवचनामागे ऑर्गन वाजवत आली होती. ते कुठे श्वास घेतात, कुठे थांबतात, हे त्यांच्या बायकोपेक्षा तिला जास्त ठाऊक होतं.

टेबलावरचा, वेळ मोजणारा हिरवा दिवा लागला.

"सर्वप्रथम, माझ्या आयुष्याचा धनी जो परमेश्वर, त्याला मान देतो," रेव्हरंड म्हणाले.

व्हर्नेलने डोळे मिटले.

सकाळी राज्याच्या राजधानीकडे, टॅलाहासीला येताना, उकडलेल्या शेंगांची पिशवी दोघांच्या मध्ये ठेवून, तिने हेच तर बजावलं होतं.

"रेव्हरंड, एकच मिनिट देतात. मानपान नको. सरळ जेरिकवर या."

"व्हर्नेलताई, देवाचं नाव घेतल्याशिवाय मी कधी जेवायलासुद्धा तोंड उघडलं नाही. आणि तिथे उघडू?"

"देव समजून घेईल."

"देव घेईल हो. पण माझी आईही वरून बघत असते, ती नाही घ्यायची."

ती हसली होती. हसायला नको होतं.

"अध्यक्षबाईंना मान देतो. समितीच्या सन्माननीय सदस्यांना मान देतो. माझ्याबरोबर इतक्या लांब आलेले आमच्या चर्चचे डीकन, आमचं मातृमंडळ..."

"बोला, रेव्हरंड, बोला!" मागच्या बाकांवरून आलंच.

अध्यक्षबाईंनी चष्म्यावरून पाहिलं. "सभागृहात आवाज नको."

चर्चमध्ये हे असंच सुरू व्हायचं. खालच्या आवाजात, सावकाश, विहिरीत दोर सोडावा तसं. वीसेक मिनिटांनी दोर ताणला जायचा, आणि मग बोलता बोलता त्यांचा आवाज सुराला लागायचा. शब्द गाऊ लागायचे, प्रत्येक ओळीच्या टोकाला हुंकार यायचा, व्हर्नेल खालून सूर धरून ठेवायची, आणि माणसं बाकांवरून कधी उठली ते त्यांचं त्यांनाही कळायचं नाही. तिच्या मुलाला, जेरिकला, शेवटचा निरोप दिला त्या दिवशीही ते असेच गायले. त्या दिवशी ऑर्गनवर तीच बसली होती. दुसरं कोणी बसलं असतं तर हात मोकळे राहिले असते, आणि मोकळ्या हातांचं काय करायचं हे तिला माहीत नव्हतं.

म्हणूनच रांगेच्या क्रमाने मिळणारं बोलायचं कार्ड तिने रेव्हरंडना दिलं. स्वतःच्या कार्डावर 'पाठिंबा आहे, बोलणार नाही' या चौकटीत खूण केली.

सांगायचं होतं ते फार नव्हतं. जेरिक एकतीस वर्षांचा होता. लाँड्रीबाहेर गाडी लावण्यावरून एका माणसाशी त्याची बाचाबाची झाली. 'ठेव बाबा तुझी जागा,' असं म्हणून तो आपल्या गाडीकडे वळला. गोळी पाठीत लागली. त्या माणसाने सांगितलं, मला भीती वाटली. आणि भीती वाटली तर मागे हटायची गरज नाही, असं कायदाच म्हणत होता. खटला उभाच राहिला नाही. आज समितीपुढे आलेल्या विधेयकाचं म्हणणं इतकंच होतं की, सुखरूप निघून जाता येत असेल तर आधी निघून जावं. नऊ जणांत चार इकडचे, चार तिकडचे. म्हाताऱ्या प्रूइटसाहेबांचं ठरत नव्हतं. आज विधेयक पडलं की वर्षभर पुन्हा मांडता येणार नव्हतं.

दिवा पिवळा झाला. शेवटचे पंधरा सेकंद.

रेव्हरंड राज्यातल्या समस्त मातांना मान देत होते. दिवा दिसला तसे ते अडखळले. उभ्या आयुष्यात त्यांना कोणी दिवा दाखवला नव्हता. त्यांनी मान वळवून तिच्याकडे पाहिलं. चर्चमध्ये या नजरेचा अर्थ एकच असायचा: माझा दम संपला, आता तू सांभाळ.

व्हर्नेलची दहाही बोटं पर्सच्या चामड्यात रुतली. आवाज कुठून येणार?

ती उठली आणि पुढे गेली. रेव्हरंड बाजूला सरकले.

"बाई, तुम्ही बोलणार नाही असं लिहून दिलंय," अध्यक्षबाई म्हणाल्या.

"त्यांच्या मिनिटातली सहा-सात सेकंद उरलेत अजून," प्रूइट पुटपुटले. "बोलू द्या तिला."

ती माइकवर वाकली. जेरिकचं नाव ओठांवर होतं. तोंड उघडलं, आणि लहानपणापासूनची सवय बाहेर पडली.

"माझ्या आयुष्याचा धनी जो परमेश्वर, त्याला..."

लाल दिवा. माइक बंद.

जागेवर येऊन बसल्यावर रेव्हरंड तिच्या कानाशी म्हणाले, "ताई, मी घात केला तुझा."

"दोघांनी मिळून केला," ती म्हणाली. त्यांनी तिचा हात आपल्या हातात घेतला.

पुढचं नाव लोरीन हॅस्केट यांचं होतं. विधेयकाला विरोध. साठीची गोरी बाई, डोळ्याखाली जुन्या टाक्यांचा व्रण असलेली.

"नवऱ्याने दोनदा मारून मला रस्त्यावर टाकलं," ती म्हणाली. "तिसऱ्यांदा गाठलं तेव्हा माझ्याकडे बंदूक होती. पळायला वाट होती की नव्हती, हे कोर्टात बसून सांगणं सोपं आहे. मला मागे वळून बघायला वेळ नव्हता. कायदा आहे तसा राहू द्या. माझं झालं. उरलेला वेळ या बाईंना द्या."

"वेळ दुसऱ्याला देता येत नाही."

"मग माझ्यापाशीच राहू दे," लोरीन म्हणाली, आणि माइकसमोर तशीच उभी राहिली. बोलली नाही, हलली नाही.

वातानुकूलन यंत्राची घरघर तेवढी ऐकू येत होती. त्या गप्पपणात व्हर्नेल बसल्या जागेवरून बोलली. मोठ्याने नाही, पण सगळ्यांना ऐकू जाईल इतपत.

"त्याचं नाव जेरिक टिलमन. तो निघूनच चालला होता. गोळी पाठीत होती."

अध्यक्षबाईंनी हातोडा उचलला आणि जरा उशिराच आपटला. नोंदी घेणाऱ्या बाईंनी बोटं कळफलकावरून वर उचलून धरली होती. माइकवर न बोललेलं टिपायचं नसतं.

मतदान झालं. प्रूइटसाहेबांनी कागद उलटा केला, पुन्हा सुलटा केला, आणि कोणाकडेही न बघता म्हणाले, "विरोधात."

चार विरुद्ध पाच.

बाहेरच्या दालनात मातृमंडळाच्या बायका भिंतीला टेकून रडत होत्या. रेव्हरंड टोपी हातात घेऊन एकटेच खिडकीशी उभे होते. व्हर्नेल नळावर पाणी पीत असताना लोरीन हॅस्केट तिच्या मागे येऊन उभी राहिली.

"आत्ताच सांगून ठेवते," ती म्हणाली. "पुढच्या वर्षी आलात तरी मी विरोधातच बोलेन."

व्हर्नेलने तोंड पुसलं. रुमालाची घडी घालायला तिला बराच वेळ लागला.

"बोला," ती म्हणाली. "फक्त कार्ड माझ्या पाठोपाठचं घ्या."

लोरीनने नळाखाली ओंजळ धरली. पाणी वाहून गेलं तरी ती प्यायली नाही.

"तुम्ही लोक रांगेत किती वाजता येऊन उभे राहता?"

"दारं उघडायच्या आधी."