हंड्यावरचं नाव

सरूच्या फोटोवर लाल शिक्का पडला: 'खोटे'.

फोटो मीच काढलेला. दोन वर्षांपूर्वी दापोडीत आमच्या गल्लीला महिनाभर पाणी नव्हतं, तेव्हा बायका रिकामे हंडे घेऊन रस्त्यावर बसल्या. माझी बायको सरू सगळ्यांत पुढे, मांडीवर हंडा. त्याच वर्षी दिवाळीच्या आधी ती गेली. तिचा एवढा स्पष्ट फोटो माझ्याकडे दुसरा नाही.

यंदा महापालिकेची निवडणूक लागली आणि एका पक्षाने तो फोटो प्रचाराला फिरवला. मला कोणी विचारलं नाही. चार दिवसांनी हिंजवडीच्या एका संस्थेने, जी बातम्या खऱ्या की खोट्या ते तपासते, त्यावर तो शिक्का मारला आणि लिहिलं की हा फोटो इथला नाहीच, परराज्यातला आहे.

शेजारचा रणजीत दुसऱ्या पक्षाचा. जिन्यात भेटला तर म्हणतो, "साहेबराव, वहिनी परराज्यातल्या निघाल्या की राव. आधार कार्ड तपासा एकदा."

मी जिना चढू लागलो. मग त्यालाच कसंतरी झालं. "गंमत केली हो," म्हणाला.

चाकणच्या कंपनीत मी सव्वीस वर्षं क्वालिटीला होतो. बाद पार्ट लाल पेटीत टाकायचे. चांगला पार्ट चुकून त्यात गेला, तर त्याच शिफ्टमध्ये बाहेर काढायचा. म्हणून फोटोतला तोच हंडा पिशवीत घातला आणि दोन बस बदलून हिंजवडीला गेलो.

तो फोटो तपासणारी मुलगी मोनिका. नीट बोलली. "काका, नेटवर सगळ्यात आधी हा फोटो परराज्यातल्या एका पेजवर दिसतो."

"मी नेटवर टाकलाच नव्हता. गल्लीच्या ग्रुपवर टाकला होता. तिथून कोणी उचलला असेल."

"फोटोतल्या बाईंशी फोनवर बोलता येईल?"

"नाही."

तिने फोन बाजूला ठेवला.

मी हंडा टेबलावर ठेवला. गळ्याखाली ठिपक्या-ठिपक्यांनी कोरलेलं आहे, 'सौ. सरूबाई, भावाकडून'. लग्नातल्या भांड्यावर घालतात तसं. मोनिकाने फोटो मोठा केला. सरूच्या अंगठ्याशेजारी तीच अक्षरं, बाजूचा पोचासुद्धा.

"आमचंच चुकलं," ती म्हणाली आणि आत गेली. बऱ्याच वेळाने बाहेर आली. "साहेब म्हणतात, परवा मतदान आहे. आता बदललं तर त्या पक्षाला मदत केल्यासारखं दिसेल. नंतर बदलू."

"त्यांच्या विरोधकांचा फोटो असता तर?"

तिने हंडा माझ्याकडे सरकवला. "मागच्या आठवड्यात विरोधकांचा एक चुकला होता. तासाभरात बदलला."

"मला पक्षाचं काही नाही, पोरी. ती तिथे बसली होती, एवढं लिहा."

"नावासकट लिहीन, काका."

मतदानानंतर तिसऱ्या दिवशी दुरुस्ती आली. पानाच्या तळाशी, बारीक अक्षरांत: फोटो दापोडीचाच आहे, त्यातील महिला सरूबाई. शिक्का मारलेला फोटो मात्र ग्रुपवर अजून फिरतोच आहे.

चष्मा लावून मी दोनदा वाचलं. सांगायला घरात कोणी नव्हतं.

नळाला पाणी आलं होतं. मला एकट्याला कळशीभर पुरतं. तरी हंडा घासला, नळाखाली लावला आणि भरेपर्यंत तिथेच बसलो.