चादरीचं दुसरं टोक

‘मजेत हाय’ हे दोन शब्द फरजानाच्या डोक्यात गेले होते. लेक सोहेल बोटीवर नोकरीला लागल्यापासून फोनवर दुसरं उत्तरच नाही. जेवलास का रं? जेवलो. झोप हुती का? हुती. कसा हाईस? मजेत हाय. नवऱ्याच्या, इकबालभाईंच्या बरोबरीनं बारामतीत गादीचं दुकान चालवणारी बाई ती. समोरच्या गिऱ्हाइकाच्या तोंडाकडं बघून त्याची रात्र कशी गेली ते सांगायची. पण त्यासाठी तोंड दिसायला नको? फोनवरच्या त्या ‘मजेत’मध्ये बोट घालायला तिला फटच सापडत नव्हती.

म्हणून कंपनीनं नोकरांच्या आईबापांना सवलतीत सफर देऊ केली, तेव्हा इकबालभाई नको-नको म्हणत असतानाच तिनं हो म्हणून टाकलं.

“आपला आन् समुद्राचा काय संबंध? आपण कालव्यात पवणारी माणसं,” इकबालभाई म्हणाले.

“तुमी बोटीवरच्या गाद्या बघा निजून. मी पोराला बघती,” ती म्हणाली.

तिला एवढंच हवं होतं. पोराला समोर बसवायचं आणि विचारायचं, आता खरं सांग, कसा हाईस? बाकी समुद्र काय, असला काय नि नसला काय.

मुंबईहून निघायचं, गोवा करून परत मुंबईला यायचं, अशी ती सफर. समुद्र भरपूर दिसला. पोरगाही दिसला, पण भेटला नाही. त्यांची खोली त्याच्याच वाटणीच्या बोळात आली होती, तेवढं नशीब. अंगात निळं जाकीट घालून तो चाकाची गाडी ढकलत यायचा, खोली आवरायचा आणि पुढच्या दाराला जायचा. प्रवाशांच्या खोलीत बसायचं नाही, गप्पा छाटायच्या नाहीत, असा तिथला कायदा. पहिल्याच सकाळी त्यांचा सुपरवायझर, म्हणजे आपल्याकडचा मुकादमच म्हणा, बाजूला उभा होता. तेव्हा सोहेल सख्ख्या आईला म्हणाला, “गुड मॉर्निंग, मॅडम!” फरजानानं मागं वळून बघितलं, कोण मॅडम आली म्हणून. इकबालभाई पोट धरून हसले. तीही हसली, पण नंतर न्हाणीत जाऊन तिनं डोळे पुसले. आपलंच पोर आणि आपण त्याचं गिऱ्हाईक, हे तिला सोसत नव्हतं.

बघता बघता शेवटची संध्याकाळ आली. सोहेलनं दारात उभं राहून उतरायचं कसं ते समजावून सांगितलं.

“मोठ्या बॅगांना ह्ये पिवळे बिल्ले बांधा आन् झोपताना दाराभायेर ठिवा. त्या आमी खाली नेतो. गोदीवर पिवळ्या पाटीखाली तुमाला मिळतील. औषधं, कागदपत्रं आन् सकाळची कापडं तेवढी जवळ ठिवा, न्हायतर लोक सगळंच भरून ठिवत्यात आन् मग लुंगीवर उतरायची पाळी येती. सकाळी न्याहारी करून खोली सोडायची, मोठ्या हॉलमदी बसायचं. पिवळा रंग पुकारला की उठायचं. घाई करू नका, शिडीवर गर्दी हुती.”

“आन् तू कवा भेटणार?” फरजानानं विचारलं.

“उद्या कुठलं गं, अम्मी. तुमी उतरला की दुपारी नवी माणसं चढत्यात. तवर माझ्या सगळ्या खोल्या नव्यावानी करायच्या. उद्या मरायला सवड न्हाय.”

“मरायचं नाव काढू नगं.”

“मजेत हाय गं मी,” सोहेल म्हणाला आणि गाडी ढकलत निघून गेला.

फरजानाला त्या गाडीला लाथ घालावीशी वाटली.

इकबालभाईंची रात्र बॅगांपायी खराब झाली. एसटीतसुद्धा बॅग मांडीवर घेऊन बसणारा माणूस तो. त्याला सांगायचं, भरल्या बॅगा परक्या बोळात टाक आणि निवांत घोर! फरजानाही कुशीवरून कुशीवर होत होती, पण तिच्या डोक्यात वेगळंच गिरमिट चाललं होतं. पोराला सवड का नाही? तर खोल्या आवरायच्या आहेत म्हणून. मग खोल्या आधीच आवरलेल्या असल्या तर? इतकी सोपी गोष्ट आपल्याला आधी का सुचली नाही, याचंच तिला नवल वाटलं. कुणाकडं मुक्काम केला तर निघताना अंथरुणाची घडी आपल्या हातानं घालायची, पाण्याचं भांडं विसळून ठेवायचं, ही तिला माहेरची शिकवण. इथं तर पसारा आवरणारा आपलाच लेक होता.

सकाळी न्याहारी झाल्यावर तिनं दोन्ही पिशव्या नवऱ्याच्या हातात दिल्या आणि त्यांना हॉलमध्ये नेऊन बसवलं.

“पिवळा पुकारला की फोन करा.”

“आन् तू कुठं निघालीस?”

“खोलीत काय राह्यलं का बघून येती.”

खोलीत शिरताच तिनं ओढणी कमरेला खोचली. उशा बडवून फुगवल्या. चादर झटकली, चारी कोपऱ्यांनी ताणली आणि गादीखाली अशी खोचली की वर सुरकुती शोधून सापडू नये. टॉवेलच्या घड्या घातल्या, पेले धुतले, बेसिन पुसून काढलं. समोरच्या खोलीतून संजीवनी बाहेर पडत होती, ती हे बघून दारातच थबकली.

ही संजीवनी म्हणजे कळंबची सून. इंदापूर तालुक्यातल्या बियाणं-खतं विकणाऱ्या दुकानदारांना एका कंपनीनं बायकांसह या सफरीवर आणलं होतं, आणि त्यातल्या पाच जोड्या याच बोळात उतरल्या होत्या. फरजानाचं माहेर कळंबच. पहिल्याच दिवशी हे कळलं, आणि तेव्हापासून संजीवनी तिला ‘वन्सं’ म्हणू लागली. गावची लेक ती गावातल्या सगळ्या सुनांची नणंद. तिथं जात-धर्म विचारत बसायची रीत नाही.

“वन्सं, ह्ये काय आरंभलंय?”

फरजानानं सगळं सांगितलं. पोराशी चार शब्द बोलायचे राहिलेत, आज उतरल्यावर तो पुन्हा कधी दिसेल ते अल्लाला ठाऊक, आणि त्याला सवड मिळावी म्हणून हा उपद्व्याप. सांगता सांगता तिचा आवाज ओला झाला.

“मग मला हाक मारायला काय झालं हुतं?” संजीवनी उसळलीच. “आमी बी खोली उकिरड्यावानी टाकून निघालो हुतो. माझ्या तर जिवाला बरंच वाटत नव्हतं. मुक्ताबाई! ए निकिता! पिशव्या ठिवा आन् हिकडं या!”

झालं. इंदापूरच्या बायकांना काम दिसलं की त्यांना धरून ठेवणं अवघड. नवऱ्यांना हॉलकडं पिटाळण्यात आलं आणि बोळातल्या सहाही खोल्यांची दारं सताड उघडली. कुणी उशा बडवतंय, कुणी आरसा पुसतंय, मुक्ताबाई तर जमिनीवर बसून कॉटखालचा केर हातानं गोळा करतायत. फरजाना गादीवाली, ती खोलीखोलीतून फिरून चादरी ताणून देत होती. लग्नघरातसुद्धा इतका उत्साह नसतो.

तेवढ्यात सोहेल गाडी घेऊन आला. एका दारात डोकावला, दुसऱ्या दारात डोकावला, आणि त्याचा चेहरा पडला.

“अम्मी, ह्ये कुणी केलं?”

“आमी सगळ्यांनी!” बायका एका सुरात म्हणाल्या.

“आता बस निवांत,” फरजाना म्हणाली. तिला हसू आवरत नव्हतं.

सोहेलनं डोळे मिटले, मग उघडले. “अगं अम्मी, ह्या चादरी वापरलेल्या हायत. आज समद्या काढायच्या असत्यात. काढून धुवायला धाडायच्या आन् नव्या घालायच्या. मी एका झटक्यात वढून काढतो. आन् तू तर अशा खोचल्यात की गादी उचलल्याबिगर निघायच्या न्हाईत.”

करायला गेल्या गणपती आणि झाला मारुती. फरजानाला मेल्याहून मेल्यासारखं झालं. पोराला वेळ काढून द्यायला आली होती, तर होता तोही तिनं खाल्ला होता. त्यातच फोन वाजला.

“हिरवा पुकारला,” इकबालभाई पलीकडून ओरडले. “फुडचा पिवळाच असणार. कुठं हाईस तू?”

सगळ्यांत आधी संजीवनी भानावर आली. “अगं, बघत काय बसलाय? खोचता येतं तर काढता येत न्हाय व्हय? चला!”

बायका पुन्हा खोल्यांमध्ये घुसल्या. गाद्या उचलल्या गेल्या, चादरी सरसर निघाल्या, अभ्रे उलटे झाले, आणि बोळात पांढऱ्या कापडाचा ढीग लागला. “हळू, काकू, हळू, सायब वरच्याच मजल्यावर हाय,” म्हणत सोहेल पुढं-मागं पळत होता आणि पळता पळता त्याला हसू फुटत होतं. ज्या कामाला त्याची अर्धी सकाळ गेली असती, ते बघता बघता उरकलं. संजीवनीनं पदरानं घाम टिपला, आपली पिशवी उचलली आणि सगळ्या बायकांना म्हशी हाकाव्यात तसं पुढं घातलं.

“वन्सं, तुमी या मागनं,” जाता जाता ती म्हणाली, आणि सोहेलच्या पाठीवर एक धपका ठेवून गेली.

आता बोळात मायलेक दोघंच उरले. सोहेलनं गाडीतून नवी चादर काढली आणि गादीवर फेकली. फरजानानं काही न विचारता पलीकडचं टोक झेललं.

दुकानात असंच चालायचं. गादीची खोळ ताणायची तर दोन माणसं लागतात. एक टोक तिच्या हातात, दुसरं शाळेतून आलेल्या सोहेलच्या. आणि पोराला जे काही सांगायचं असे, ते तो तेव्हाच सांगायचा. गणितात नापास झाल्याचं तेव्हाच सांगितलं. दुकानात बसायचं नाही, दूर कुठंतरी जायचंय, हेही तेव्हाच. हात कामात गुंतले आणि मान खाली असली की त्याचं तोंड उघडायचं. समोर बसवून विचारलं, तर या पोरानं जन्मात कधी काही सांगितलं नव्हतं. आणि आपण त्याला समोर बसवायला इतक्या लांब आलो! फरजानाला स्वतःचाच राग आला, आणि हसूही आलं.

तिनं काही विचारलं नाही. आपल्या बाजूची चादर ओढून घेतली. त्यानं त्याच्या बाजूची खोचली. दोघं दुसऱ्या खोलीत गेले. तिथली चादर घालून झाली. तिसऱ्या खोलीत तो उशीला अभ्रा चढवत होता, आणि मान वर न करता म्हणाला,

“अम्मी, दमतो गं मी.”

फरजानाचा हात क्षणभर थांबला. मग तिनं मुद्दामच चादरीचा कोपरा पुन्हा ताणला. आपण मान वर केली तर हा गप्प होईल, ही भीती तिला वाटली.

“पाय लई दुखत्यात. निजलो तरी त्या गाडीची चाकं कानात वाजत्यात,” तो म्हणाला. “ईदच्या दिशी जिन्यात बसून रडलो. मग तोंड धुतलं आन् कामाला गेलो.”

“मग येतोस का घरी?” विचारायचं नव्हतं, पण तोंडातून गेलंच.

सोहेलनं उशी जागेवर ठेवली. खरंच विचार केला त्यानं.

“न्हाय. काम आवडतं मला, अम्मी. माणसं चांगली हायत. कुठनं कुठनं येत्यात, आन् माझ्या खोलीत खूश हुत्यात. पर दमतो.”

“व्हय,” फरजाना म्हणाली. “दमणारच की रं.”

तिच्याकडं सांगण्यासारखं खूप होतं. तेल लाव, दूध पी, फोन कर, लवकर नीज. सगळं तिनं गिळलं. पलंगाला वळसा घालून ती त्याच्याकडं गेली आणि वाकलेल्या पोराच्या मानेवर तिनं हात ठेवला. तो तसाच वाकून राहिला. चादर केव्हाच सरळ झाली होती, तरी दोघं तिथंच उभे होते.

फोन वाजला. “पिवळा! पिवळा पुकारला!” इकबालभाई इतक्या मोठ्यानं ओरडले की सोहेललाही ऐकू गेलं.

“जा, अम्मी. शिडीला धरून उतर.”

“तू जेव येळेवर,” एवढं मात्र म्हटल्याबिगर तिच्यानं राहवलं नाही. मग तिनं कमरेची ओढणी सोडून डोक्यावर घेतली आणि निघाली. मागं गाडीची चाकं पुढच्या खोलीकडं वळल्याचं तिला ऐकू आलं. तिनं वळून बघितलं नाही, कारण वळली असती तर ती परत गेली असती.

शिडी सोपी निघाली. दारातल्या माणसानं कार्ड तपासलं, लोक रांगेनं सरकले, कुणी ढकललं नाही. गोदीवर पिवळ्या पाटीखाली दोन्ही बॅगा शेजारी शेजारी उभ्या होत्या. इकबालभाईंनी त्यांच्यावरून हात फिरवला, चेन तपासली, आणि त्यांचा जीव भांड्यात पडला. मग कुठं त्यांनी बायकोकडं नीट बघितलं. तिचे डोळे लाल होते आणि चेहरा मात्र हसरा होता.

“भेटला का?”

“भेटला.”

“काय म्हणला? मजेत?”

“न्हाय. दमतो म्हणला. पाय दुखत्यात. ईदला रडला म्हणं.”

इकबालभाई बॅग हातात धरून तसेच उभे राहिले. मागची माणसं त्यांना वळसा घालून जाऊ लागली. “मग तू अशी खुशीत का?” त्यांनी विचारलं. आवाज जरा चढलाच त्यांचा.

फरजानानं दुसरी बॅग उचलली.

“मला सांगितलं की त्यानं,” ती म्हणाली.