शेवटच्या पानावरचं खोटं

मित्रांनो, मी इंग्रजी व्याकरणाचं एक जुनं सरावपुस्तक आहे आणि मला राग आलेला आहे. पहिला राग स्वतःवरच.

छापखान्यात माझी पानं जुळली तेव्हा सगळे घाईत होते. तपासनीसाने बेचाळिसावं पान डोळ्यांत तेल घालून वाचलं. तिथे नियम चोख आहे: तुलना करताना 'सीनियर'नंतर 'दॅन' येत नाही, 'टू' येतं. शेवटच्या पानावरची उत्तरसूची मात्र त्याने नुसती चाळली. तिथे त्याच नियमावरच्या प्रश्नापुढे 'दॅन' छापलं गेलं.

पुढे मला एका मोठ्या इस्पितळाच्या कचेरीत आणलं. खात्याची परीक्षा आली की अधीक्षक माझ्यातलेच प्रश्न उतरवत आणि माझीच सूची समोर ठेवून पेपर तपासत. "फार भरवशाचं पुस्तक," असं ते सांगत, आणि मी फुशारून जाई.

मग धुलाईघरातल्या मावशी परीक्षेला बसल्या. एकोणीस वर्षं चादरी धुऊन त्यांच्या बोटांच्या भेगा भरेनाशा झाल्या होत्या. त्यांना नोंदणी कारकुनाची जागा हवी होती. जेवणाच्या सुट्टीत त्या मला मागून नेत आणि इस्त्रीच्या टेबलावर वाचत. 'ॲज ब्लाइंड ॲज अ बॅट' वाचून सोबतिणीला म्हणाल्या, "बिचारं वटवाघूळ. अंधारात कुठे धडकत नाही, तरी आंधळं म्हणून नाव त्याचंच."

जागा एका गुणाने हुकली. त्यांच्या 'टू'वर लाल फुली होती. त्या थेट अधीक्षकांपुढे उभ्या राहिल्या.

"साहेब, सीनियरनंतर टूच येतं."

"उत्तरसूचीत दॅन आहे, मावशी. छापलेलं खोटं असतं का?"

"बेचाळिसावं पानही छापलेलंच आहे. तेवढं वाचा की."

त्यांनी मला उघडून समोर धरलं. अधीक्षकांनी नियम वाचला, चष्मा पुसला, पुन्हा वाचला. "हं. पण यादी लागली आता. पुढच्या वेळी बघू."

पुढच्या परीक्षेपर्यंत मावशींचं वय मर्यादेबाहेर जाणार, हे दोघांनाही ठाऊक होतं.

माझा तिळपापड झाला. चूक माझी, ती दिसूनही झाकणारे साहेब, आणि भोगायचं कुणी, तर जिचं उत्तर बरोबर तिने. चोर सोडून संन्याशाला फाशी.

मावशी गप्प बसल्या नाहीत. दोन्ही पानांचे दाखले देऊन त्यांनी वर अर्ज केला. चार महिन्यांनी उत्तर आलं: गुण वाढवला आहे, जागा मात्र भरली आहे. त्या दिवशी अधीक्षकांच्या देखत त्यांनी माझ्यातलं 'दॅन' निळ्या पेनाने खोडलं आणि वर 'टू' लिहिलं.

"माझं राहू दे. मागून येणारीचं तरी चुकू नये," एवढंच म्हणाल्या आणि कामावर गेल्या.

मित्रांनो, मला कव्हर नाही घातलंत तरी चालेल. पण कुणाच्या उत्तरावर लाल पेन टेकवण्याआधी माझी आतली पानं उलटून बघा. मावशी आजही चादरी पिळतात, आणि त्यांचं उत्तर बरोबर होतं.