पानाखालची पिशवी

“सर, हे पाकीट जरा फाडून दाखवाल का?”

प्रश्न दहावीतल्या मैत्रीनं विचारला, पण डोकं तिच्या मैत्रिणीचं, रुपालीचं! शाळेची बस चाकणच्या पॅकेजिंग कंपनीकडे निघाली तेव्हाच रुपाली म्हणाली होती, “आमच्या घरी ते चिवड्याचं पाकीट दातांनीसुद्धा तुटत नाही. विचारून दाखव तिथल्या सरांना! नाहीतर दहावी संपेपर्यंत तू भित्री भागूबाई!” आणि गंमत म्हणजे तिथले ‘सर’ होते मैत्रीचेच पप्पा. धम्मरत्न, पाकिटं बनवणाऱ्या लाईनचे सुपरवायझर!

सगळा वर्ग फिदीफिदी हसला. पप्पांनी कसनुसं हसत पाकिटाचा कोपरा ओढला. वरचा तपकिरी कागद टर्रकन फाटला. आतून प्लास्टिकचा पातळ पापुद्रा निघाला. तो ताणला, लोंबला, पण तुटेना.

“चिवडा सादळू नये म्हणून लागतो तो,” मॅनेजरसाहेब मध्ये पडले. “आणि मुलांनो, पाकिटावरचं हे हिरवं पान कुणी काढलंय माहितीये? तुमच्याच मैत्रीनं! रविवारी आमच्या कार्यक्रमात तिचा सत्कार आहे.”

टाळ्याच टाळ्या! मैत्री हवेत. तिच्या पानाखाली ‘मातीत मिसळणारे’ असं छापलेलं होतं. ते तिनं कितीदा वाचलं होतं, पण त्यावर विचार कशाला करायचा?

चिखलीच्या घरी आली तर गॅलरीचं दार गच्च लावलेलं. मागच्या मोकळ्या प्लॉटवर कुणीतरी पुन्हा कचरा पेटवला होता. कॉटवर तिचे आजोबा, कोंडीराम, नाकाला ऑक्सिजनची नळी लावून बसले होते. उमेदीची सगळी वर्षं फाउंड्रीत, लोखंड ओतायच्या कारखान्यात गेलेली. छाती आधीच खिळखिळी, त्यात हा रोजचा धूर.

मैत्रीनं कंपनीतली गंमत रंगवून सांगितली. आजोबा हसले नाहीत.

“पोरी, गॅलरीतली ती कढीपत्त्याची कुंडी उकर जरा.”

“आत्ता? बाहेर धूर आहे ना, आजोबा.”

“उकर म्हन्तो न्हवं.”

नाकाला ओढणी लावून तिनं माती उकरली. बोटांना काहीतरी बुळबुळीत लागलं. ओढून काढलं तर चिवड्याचं पाकीट! कागद कुजून गेला होता. तिचं पानही गेलं होतं. पिशवी मात्र जशीच्या तशी, मुळांना गच्च गुंडाळून बसलेली!

“गणपतीत म्याच पुरलं व्हतं,” आजोबांना धाप लागत होती. “नातीचं पान हाय, खोटं कसं असंल? साऱ्या गल्लीला सांगत सुटलो, खत व्हतंय याचं. आता भंगारवाला म्हन्तो, कागदाला प्लास्टिक चिकटलंय, कागदात चालत न्हाई आन् प्लास्टिकातबी चालत न्हाई. मग ते जातंय कुठं?”

त्यांनी गॅलरीच्या दाराकडं मान वळवली. फटीतून धूर आत येत होता.

तेवढ्यात पप्पा कामावरून आले. “बाबा, पोरीच्या डोक्यात काय भरवताय? मालक सांगतो ते छापतो आम्ही. ऑर्डर गेली तर लाईन बंद. लाईनवरची पोरं घरी बसतील.”

“म्हून लोकांस्नी फसवायचं? धम्मा, आमीबी कारखान्यात राबलो. तडा गेलेला नग दिसला की बाजूला काढायचो. वरनं रंग मारून गिऱ्हाइकाला देत न्हवतो! गरीब मानूस चित्र बघून इश्वास ठिवतो रं. त्ये चित्रच लबाड निघालं तर त्यानं बघायचं तरी काय?”

पुढचं बोलणं खोकल्यात बुडालं. आजोबांचे ओठ निळे पडले. मम्मी अ‍ॅम्ब्युलन्सला फोन लावायला धावली.

शनिवारी आजोबा आयसीयूत होते, तोंडावर मास्क. मैत्रीनं काचेतून हात हलवला. त्यांना दिसला की नाही, कोण जाणे. डॉक्टर एवढंच म्हणाले, “वाट बघू.”

घरी रिकामी कॉट. खुर्चीवर सत्काराचा ड्रेस, मम्मीनं आधीच इस्त्री करून ठेवलेला. पप्पांनी कपाटातून एक पाकीट काढलं. पांढरट, साधं, अगदीच गरीब दिसणारं.

“हे आम्ही मागेच बनवलं होतं,” ते म्हणाले. “सगळं एकाच जातीचं प्लास्टिक. कागद नाही, वेगळं काही चिकटवलेलं नाही. भंगारवाला घेतो, वितळवून पुन्हा वापरता येतं. साहेब म्हणाले, हे पर्यावरणपूरक दिसत नाही. मी गप्प बसलो.” त्यांनी पाकीट तिच्या हातात दिलं. “परवा तू जे विचारलंस ना मैत्री, ते मी तेव्हाच विचारायला हवं होतं.”

दिसत नाही! नुसतं दिसण्यासाठी एवढं सगळं!

मित्रांनो, आपणही असेच फसतो ना? तपकिरी रंग दिसला, हिरवं पान दिसलं, की पाकीट चांगलं! रिकामं झाल्यावर ते कोण घेतं, कुठं जळतं, कुणाच्या छातीत जातं, हे आपण एकदा तरी विचारतो का? विचारायलाच हवं. दुकानात, सोसायटीत, कंपनीत. आणि जीभ अडखळली तरी आपल्या स्वतःच्या घरातसुद्धा!

मैत्रीनं कुंडीतली ती मातकट पिशवी उचलली.

“मम्मी, पप्पा, उद्या मी कार्यक्रमाला जाणार. पण सत्कार घेणार नाही. ही पिशवी आणि पप्पांचं पाकीट, दोन्ही घेऊन स्टेजवर उभी राहणार आणि सगळ्यांसमोर माझं पान परत मागणार. ज्या दिवशी पाकीट खरं होईल त्या दिवशी नवीन पान काढून देईन. तोवर माझ्या पानाखाली कुणी काही लपवायचं नाही!”